वादळ येतंय म्हणतात, आता काय करू?

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं: चक्रीवादळाचा इशारा आला तर तुमच्या घरात सगळ्यात आधी कोणतं काम निघेल? उत्तरं मोजकी आली, प्रश्न मात्र ढिगाने आले. एका महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षात मी २४ वर्षं फोनवर बसले आणि २०२२ साली निवृत्त झाले. त्या फोनवर ऐकलेलं अजून विसरता येत नाही. मे-जून आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस. ते तोंडावर आलेत, म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त हीच पत्रं घेतली आहेत.

*

ताई, मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. २०२० साली निसर्ग वादळाच्या वेळी आम्ही दोन दिवस धावपळ केली, माणसं लावली, गच्चीवरचं सगळं खाली आणलं. आणि झालं काय? चार सरी आणि थोडा वारा. आता कमिटीत मी विषय काढला की सगळे म्हणतात, "परत निसर्ग का?" त्यांना काय सांगू?

त्यांना सांगा, निसर्ग आलं होतं. ते श्रीवर्धनला आलं होतं.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. ३ जून २०२०, बुधवार, मी ड्यूटीवर होते. सकाळी अकराच्या सुमाराला आईशी बोलणं झालं, ती म्हणाली, माडांचा आवाज बदललाय. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमच्याकडचे फोन तीननंतर कमी होत गेले. कक्षात कोणीतरी हुश्श केलं, "सुटलो बाबा." मी आईचा नंबर लावत होते. तो पुढचे आठ दिवस लागला नाही. नवव्या दिवशी रेंज शोधत भाऊ म्हसळ्यापर्यंत आला आणि तिथून बोलला. तीनच वाक्यं बोलला: सगळे आहोत. छप्पर नाही. वाडी गेली. आजोबांच्या हातची नारळी-पोफळीची वाडी होती ती. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. भावाने पुन्हा लावली आहे, तो वाट बघतोय.

श्रीवर्धन ते ठाणे सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर. एवढ्या मोठ्या समुद्रात हे अंतर काहीच नाही. आपलं नशीब दोन कारणांनी चांगलं होतं. एक तर ते खाली लागलं. दुसरं, आपण त्याच्या डाव्या हाताला होतो. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं, आपण वजाबाकीच्या बाजूला पडलो.

वर्षभराने, १७ मे २०२१ ला, तौक्ते आलं. ते आपल्या किनाऱ्याला लागलंही नाही. समुद्रातून उत्तरेकडे गेलं आणि रात्री दीवजवळ जमिनीवर चढलं. पण त्या दिवशी आपण उजव्या हाताला होतो. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, विमानतळ बंद, सी लिंक बंद. माझ्या टेबलावरचा फोन ठेवला की वाजत होता. झाड पडलं, पत्रा उडाला, वायर तुटली, पुन्हा झाड पडलं. दुपारचा डबा मी रात्री साडेनऊला उघडला.

म्हणून कमिटीला सांगा, नकाशावर वादळाच्या वाटेची रेघ कुठे चालली आहे यावर आपली तयारी ठरवायची नाही, आपल्या डोक्यावर काय आहे यावर ठरवायची. आणि गच्चीवर जा, या रविवारीच जा. पावसाळी शेडचा पत्रा ज्या बोल्टांनी पाइपला धरलेला असतो त्यांना जे-बोल्ट म्हणतात. वर नट, नटाखाली रबराचा वायसर. दोन-तीन पावसाळ्यांत रबर कडक होऊन तडकतं, तिथून पाणी झिरपतं आणि बोल्टाला आतून गंज धरतो. वरून रंग मारलेला, त्यामुळे खालून बघून काही कळत नाही. प्रत्येक नट दोन बोटांत धरून फिरवून बघा. आमच्या इमारतीच्या शेडवर मी हे केलं तेव्हा १९ नट नुसत्या बोटांनी फिरले, आणि एक बोल्ट तर हातातच आला, कडेने पापडासारखा चुरा होत. पत्रा नेहमी कोपऱ्यातून आणि कडेने उचलला जातो, कारण वाऱ्याची ओढ तिथे सगळ्यात जास्त असते. कोपरा उचलला की खालून वारा शिरतो आणि मग मधले बोल्ट कितीही धड असले तरी उपयोग नाही. तेव्हा पैसे कमी असतील तर आधी कडेचे बोल्ट बदला.

पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवा. भरलेली टाकी जागची हलत नाही, रिकामी उडते. झाकण तारेने बांधा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, खालच्या खड्ड्यात पाणी भरलं तरी ती वाचेल. झाडांच्या फांद्या छाटायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती वादळाच्या आदल्या दिवशी मिळत नाही, म्हणून अर्ज मार्चातच करायचा. या वर्षी राहिला असेल तर निदान झाडाखालच्या गाड्या हलवा.

हवामान खात्याचे इशारे पायरीपायरीने येतात. चक्रीवादळाचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी, केशरी २४ तास आधी, आणि किनाऱ्याला लागण्याच्या सुमारे १२ तास आधीपासून लाल. गच्चीवरची कामं पिवळ्यातच उरकायची. केशरी लागल्यावर गच्चीला कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडे. तौक्तेच्या दिवशी मोबाईलवर वारा टिपायला गच्चीवर गेलेल्या मुलांच्या आयांचे फोन मी घेतले आहेत.

*

आम्ही माजिवड्याला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. काचांना सेलोटेपची फुली मारली की काच फुटत नाही म्हणतात. मारू का? आणि वाऱ्याचा दाब कमी व्हावा म्हणून समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या का?

दोन्ही नको. टेपने काचेला जोर येत नाही, फुटलीच तर तुकडे मोठे पडतात एवढाच फरक. खिडकी उघडी ठेवली तर वारा आत शिरून बाकीच्या काचांना आतून ढकलतो. सगळ्या खिडक्या घट्ट बंद, कड्या लावून, पडदे ओढून.

तुमचं खरं दुखणं पाणी असेल. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात, पाणी जायला. ती धुळीने आणि कबुतरांच्या पिसांनी बुजलेली असतात. आज झाडूची काडी घेऊन ती मोकळी करा आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय ना, बघा. न गेल्यास वादळात ते तुमच्या गादीवर येणार. ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या. एकोणिसाव्या मजल्यावरून पडलेली तुळशीची कुंडी खाली कोणाच्या डोक्यावर जाईल, सांगता येत नाही. रात्री खिडकीच्या रांगेतली खोली सोडून आतल्या बाजूला झोपा.

*

मी वाशीला राहते. मुलगी-जावई अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळाच्या वेळी त्यांना घर सोडायला सांगितलं. गाडीत नातवाला आणि दोन बॅगा टाकून ते निघाले, रस्त्यात पेट्रोल मिळेना. आम्ही दोघं इथे रात्रभर फोन उशाशी घेऊन बसलो होतो. मला विचारायचंय, तिथे आधीच शहर रिकामं करतात, मग आपल्याकडे का नाही? आमच्यावर वेळ आली तर आम्ही म्हाताऱ्यांनी कुठे जायचं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मूल दूर असलं की वादळ आपल्या घरावरच असतं, हे मला आठ दिवस कळलेलं आहे.

आधी एक सांगते. तिथेही अख्खं शहर रिकामं करत नाहीत. फ्लोरिडात प्रत्येक पत्त्याला ए, बी, सी असा पट्टा नेमून दिलेला असतो आणि तो समुद्राचं पाणी कुठवर चढेल यावरून आखलेला असतो. तुमच्या मुलीचं घर त्यातल्या खालच्या पट्ट्यात असणार. पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, असा तिथला नियम आहे, कारण वारा भक्कम घरात सोसता येतो, घरात घुसलेलं समुद्राचं पाणी सोसता येत नाही.

आणि सगळ्यांनी एकदम पळायचं ठरवलं की काय होतं तेही त्यांनी भोगलंय. २००५ साली रिटा वादळ ह्यूस्टनच्या दिशेने येत होतं. तीन-चार आठवड्यांपूर्वीच कतरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलेलं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे ज्यांना जायची गरज नव्हती तेही गाड्या घेऊन निघाले. लाखो गाड्या उन्हात तासन्‌तास एकाच जागी उभ्या. शंभराच्या आसपास माणसं त्या पळापळीतच गेली. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना घेऊन चाललेल्या एका बसला आग लागली, त्यात २३ जण गेले. वादळ शेवटी ह्यूस्टनला लागलंच नाही, पूर्वेला सरकलं.

म्हणून मला आपल्या ओडिशाची रीत जास्त पटते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सरकारी हिशेबाने जवळपास १०,००० माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्याच्या गावांत पक्के निवारे बांधले. २०१९ च्या मे महिन्यात फनी आलं तेव्हा सुमारे १२ लाख माणसं हलवली, पण दुसऱ्या शहरात नेली नाहीत. चालत जाता येईल अशा पक्क्या इमारतीत नेली. त्या वेळी गेलेली माणसं शंभराच्या आत.

तुमच्या मिल्टनचं एक. मेक्सिकोच्या आखातात असताना ते पाच नंबरचं, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होतं, किनाऱ्यावर तीन नंबरचं होऊन ९ ऑक्टोबरच्या रात्री ‘सिएस्टा की’ या बेटावर लागलं, म्हणजे टॅम्पाच्या दक्षिणेला. टॅम्पा डाव्या हाताला राहिलं. समुद्राचं पाणी चढायच्या ऐवजी वाऱ्याने खाडीतून बाहेर ढकललं गेलं आणि तळ उघडा पडला. वर घोडबंदरच्या सेक्रेटरींना जे लिहिलं, तेच तिकडे घडलं. तिथले शेजारीसुद्धा आता म्हणत असतील, उगाच निघालो. मुलीला सांगा, उगाच नव्हतं. रेघ थोडी वर असती तर ते पाणी त्यांच्या दारात होतं. आणि बाकी सगळं टळलेलंही नव्हतं, त्या रात्री फ्लोरिडात तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती.

आता तुमचं दोघांचं. तुम्ही इमारतीत कितव्या मजल्यावर आहात हे लिहिलं नाहीत. पहिल्या मजल्याच्या वर असाल तर घर सोडायचं कारण नाही. तळमजल्यावर असाल तर केशरी इशाऱ्यालाच वरच्या मजल्यावरच्या कोणाकडे एक रात्र जायचं, आणि कोणाकडे ते आजच ठरवून ठेवायचं. वाशीची बरीच जमीन खाडीत भराव टाकून केलेली आहे. सिडकोने नवी मुंबई वसवताना म्हणूनच धारण तलाव ठेवले. भरती चढली की खाडीकडचे दरवाजे मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की ते खाडीत उतरतं. त्या तलावांत आता गाळ आहे, खारफुटी वाढली आहे, पूर्वीइतकं पाणी मावत नाही. मोठी भरती, मोठा पाऊस आणि समुद्राकडून वारा हे तिन्ही एका वेळी जुळले तर पाणी गटारातून उलटं रस्त्यावर येतं.

म्हणून भरतीची वेळ बघत चला. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या भरतीला चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. वादळाने चढलेलं पाणी ओहोटीला आलं तर त्यातच जिरून जातं, भरतीला आलं तर वर बसतं. माझे वडील कॅलेंडरवरची तिथी बघून वेळ सांगायचे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीत आत पाणी यायला आणखी थोडा वेळ लागतो. पण वीज गेली, मोबाईल बंद पडला, तरी हा हिशेब हाताशी राहतो.

औषधं दहा दिवसांची भरून ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कुठे ठेवायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा. मी आईसाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं ठेवत असे. आणि मुलीला सांगून ठेवा, की फोन लागला नाही तर अमुक शेजाऱ्यांना लाव. दोन नंबर तिच्याकडे लिहून हवेत.

*

मी विटाव्याला खाडीच्या बाजूला पत्र्याच्या घरात राहते. चार घरी पोळ्या करते. तौक्तेच्या वेळी माणसं सांगायला आली, शाळेत जा. मालक म्हणाले, घर उघडं टाकून गेलो तर भांडी पण राहणार नाहीत. सासूला अर्धांगवायू आहे, ती उठत नाही. आम्ही घरीच राहिलो. रात्रभर पत्रा वाजत होता. परत तसं झालं तर काय करू? (पत्र मुलीकडून लिहून घेतलं आहे.)

बाई, तुमच्यासारख्याच एका बाईचा फोन मी त्या संध्याकाळी घेतला होता. ती म्हणाली, "पत्रा एका बाजूने उचलतोय, आता निघू का शाळेत?" बाहेर फांद्या आणि पत्रे उडत होते. दिवसभर मी सगळ्यांना निघा निघा सांगत होते आणि तिला मला सांगावं लागलं, आता निघू नका. खाटेखाली जा, वर गादी ओढा, मुलांना मधे घ्या. रात्री दोन वेळा तिला फोन लावला, लागला नाही. सकाळी सातला लागला. सगळी होती. मुलाचा दंड पत्र्याने कापला होता. मी घरी गेले पण झोप लागली नाही, कारण सकाळी अकराला निघाली असती तर ती दहा मिनिटांत शाळेत पोचली असती.

म्हणून पहिली गोष्ट: जायचं तर उजेडात आणि वारा नसताना. आभाळ मोकळं दिसेल, शेजारी म्हणतील काही होत नाही, तीच वेळ जायची. सासूबाईंना सगळ्यांच्या आधी हलवा, केशरी इशारा लागला त्याच दिवशी. खुर्चीवर बसवून दोन माणसांनी उचलायचं, माणसं कोण ते आधी बोलून ठेवायचं. शाळेत जमिनीवर झोपणं त्यांना जमणार नाही, तेव्हा पक्क्या घरातला कोणी नातेवाईक असेल तर तिथे. रिक्षा मिळत नसेल तर १०८ ला किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा आणि "अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे" हेच वाक्य पहिल्यांदा बोला. फोनवर बसलेल्याला त्या वाक्याने कळतं की आधी कुठे माणसं धाडायची.

मालकांचं म्हणणं खोटं नाही. घर म्हणजे तेवढंच आहे तुमचं. मग असं करा, जे नेता येतं ते न्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलीचे दाखले, दागिना असेल तो, एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत. तोंडाला गाठ, मग ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खांबाला बांधा, पाण्यात तो तरंगतो. मेन स्विच खाली. मोठी भांडी माळ्यावर नको, वारा तिथेच आधी शिरतो. खाटेखाली पालथी घाला. सोबत चुरमुरे, फुटाणे, गूळ, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंची औषधं, एक चादर. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून पाळी लावली आणि वारा थांबल्याबरोबर दोघा तरण्यांनी आधी येऊन बघायचं ठरवलं, तर चोरीची भीती बरीच कमी होते.

आणि ज्यांच्या घरी अशी कोणी पोळ्या करायला येते त्या माझ्या वाचक बहिणींना: इशारा आला की तुम्हीच विचारा. "आज रात्री मुलांना घेऊन इकडे ये" हे तिला मागता येत नाही. हॉलमध्ये चार गाद्या मावतात.

*

मी कोपरखैरणेला दहावीत आहे. तीन प्रश्न आहेत. चक्रीवादळाचं नाव "ठाणे" ठेवलं होतं हे खरं का? १८८२ मध्ये मुंबईत वादळात एक लाख लोक मेले असा मेसेज फिरतो, तो खरा का? आणि ताशी ६० आणि ताशी १२० किलोमीटर वाऱ्यात दुपटीचाच फरक ना?

नाव खरं आहे. ते बंगालच्या उपसागरातलं वादळ, ३० डिसेंबर २०११ ला कडलूर-पुदुच्चेरीजवळ लागलं. नाव म्यानमारने सुचवलेलं होतं, आपल्या शहराशी त्याचा संबंध नाही, इंग्रजी स्पेलिंग तेवढं सारखं. आपल्या बाजूच्या समुद्रांतल्या वादळांना आता १३ देशांनी दिलेल्या यादीतून नावं मिळतात. निसर्ग बांगलादेशाने दिलेलं, तौक्ते म्यानमारने, त्याचा अर्थ एक प्रकारची पाल.

१८८२ चा मेसेज पुढे पाठवू नकोस. अभ्यासकांनी त्या काळच्या नोंदी चाळल्या, तसं वादळ कुठे सापडलं नाही. एक लाख माणसं गेली असती तर तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलंच असतं. पण मुंबईला चक्रीवादळ लागतच नाही असंही नाही, नोव्हेंबर १९४८ मध्ये लागलं होतं.

तिसरा प्रश्न फार चांगला विचारलास. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून ६० ला टिकलेलं होर्डिंग १२० ला टिकेल असं मानू नये. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले, तेव्हा तर चक्रीवादळही नव्हतं, वळवाआधीची वावटळ होती. पुढच्या वेळी बातमीत वेग ऐकलास की वहीत त्याचा वर्ग करून बघ आणि घरच्यांना दाखव.

*

मी दिवाळे गावचा. आमची बोट मे महिन्यात शेवटच्या फेऱ्या मारते, १ जूनपासून बंदी. वादळाचा निरोप आला की पोरं म्हणतात, बोटीवरच झोपतो, नांगर सुटला तर सांभाळायला. त्यांना अडवायचं का?

दादा, तुमचं आयुष्य खाडीत गेलं, बोट कशी बांधायची हे मी तुम्हाला शिकवणार नाही. पण हो, अडवायचं. हात जोडून, नाही ऐकलं तर ओरडून.

तौक्तेच्या वेळी मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रापाशी पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा मोठा सपाट तराफा, नांगरलेला होता. इशारे काही दिवस आधीपासून होते. वाऱ्यात त्याचे नांगर तुटले, तो भरकटला आणि बुडाला. नौदलाने रात्रभर लाटांत शोधून दीडशेच्या वर माणसं काढली, तरी त्या बार्जवरची आणि वरप्रदा या टगवरची (दुसऱ्या बोटी ओढणारी बोट) मिळून ऐंशीच्या वर माणसं गेली. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा कितीतरी मोठे नांगर होते. बोटीचा नांगर सुटायचा असेल तर आत झोपलेली दोन पोरं तो धरू शकत नाहीत.

बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बाहेरची फेरी रद्द. बोटी खाडीत आत, एकमेकींवर आपटणार नाहीत एवढं अंतर ठेवून, दोर भरतीच्या उंचीचा हिशेब करून सैल. इंजिन, जाळी, वायरलेस, बॅटरी घरी. बोटीचे आणि कागदपत्रांचे फोटो आदल्या दिवशी मोबाईलवर काढून ठेवा, नुकसान झालं तर पंचनाम्याच्या वेळी ते दाखवता येतात. वारा पडल्यावरही लगेच बोटीकडे धावू देऊ नका. वादळाचा मधला भाग वरून जात असेल तर अर्धा-पाऊण तास सगळं शांत होतं, आणि मग वारा उलट्या दिशेने येतो.

*

ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनची पत्र्याची केबिन आहे. वादळाच्या रात्री त्याची ड्यूटी असते. एजन्सी म्हणते, गेट सोडता येणार नाही. काय करावं?

गेटला कुलूप लावा. त्या रात्री कोणी येत नाही, आणि जो येईल तो फोन करेल. वॉचमनला जिन्याच्या आत बसवा, खुर्ची आणि टॉर्च द्या. एजन्सीला कमिटीच्या सहीचं दोन ओळींचं पत्र आजच देऊन ठेवा, की लाल इशारा असेल तेव्हा केबिन रिकामी राहील, जबाबदारी आमची. म्हणजे त्याचा पगार कापला जाणार नाही. केबिन चारी बाजूंनी दोराने खांबाला बांधून घ्या, आणि त्या रात्री त्याचं जेवण कोणत्या फ्लॅटमधून जाणार ते नाव घालून फळ्यावर लिहा.